रुग्णाची आधीची शिकवण : दीर्घकालीन कंबरदुखी आणि रुग्णशिक्षण

दीर्घकाळ कंबर दुखत असलेला रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. ‘मणक्यात गॅप आला आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’, ‘यापुढे खाली वाकायचे नाही’ अशी वाक्ये त्याने कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात किंवा शेजारच्या ओट्यावर ऐकलेली असतात. एक्स-रे आणि एमआरआयचे अहवाल त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असतात. आणि या साऱ्यांतून आपल्या पाठीविषयीचे एक संपूर्ण शास्त्र त्याने मनाशी रचलेले असते. पाठ ही नाजूक वस्तू आहे, ती झिजली आहे, दुखणे हा त्या झिजेचा पुरावा आहे आणि दुखेल ते ते टाळणे हाच शहाणपणा आहे, एवढाच बहुधा त्या शास्त्राचा सारांश असतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय असलेले रुग्णशिक्षण, म्हणजे रुग्णाला आपल्या वेदनेचे स्वरूप कळावे आणि तिच्यासह दैनंदिन व्यवहार चालवण्याचे कौशल्य त्याच्या हाती यावे यासाठी केलेले पद्धतशीर अध्यापन, या आधीच्या शिकवणीपासूनच सुरू करावे लागते. हे काम म्हणजे माहितीपत्रके वाटणे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या शिकवणीची ताकद ओळखलेली नाही. आणि ती शिकवण बव्हंशी वैद्यकाकडूनच आलेली आहे, ही अवघड गोष्ट तर फारच थोड्यांनी मान्य केली आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. ही मर्यादा काहीशी सोयीची असली तरी तिच्यामागे एक शारीर तथ्य आहे, ते असे की बहुतेक मऊ ऊतींच्या जखमा तेवढ्या अवधीत भरून येतात, आणि त्यानंतरही दुखत राहिले तर ‘जखम आहे म्हणून दुखते’ हे सरळ समीकरण अपुरे पडू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने, जी २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि २०२२ पासून लागू झाली, ‘प्राथमिक दीर्घकालीन वेदना’ असा स्वतंत्र गट मान्य केला. याचा अर्थ असा की काही वेदना दुसऱ्या कोणत्या आजाराचे लक्षण म्हणून नव्हे, तर स्वतःच एक आजार म्हणून वागवाव्या लागतात. दीर्घकालीन कंबरदुखीचे बहुसंख्य रुग्ण या गटात मोडतात. जगात २०२० साली कंबरदुखी असलेल्यांची संख्या सुमारे ६१.९ कोटी होती असा जागतिक आजारभार अभ्यासाचा अंदाज आहे, आणि माणसाला कामाच्या बाबतीत अपंग करणाऱ्या कारणांत कंबरदुखी गेली अनेक वर्षे पहिल्या स्थानावर आहे.

वेदना म्हणजे इजेची बातमी मेंदूपर्यंत पोहोचवणारी तार, ही कल्पना युरोपीय वैद्यकात रुजली ती रने देकार्तच्या एका चित्रामुळे. त्याच्या मृत्यूनंतर १६६४ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवदेहावरील ग्रंथात विस्तवाजवळ पाय गेलेला माणूस दाखवला आहे आणि पायापासून डोक्यापर्यंत एक दोरीसारखा मार्ग काढला आहे. खालून ओढ बसली की वरती घंटा वाजते, असे त्याचे तर्कशास्त्र होते. या प्रतिमानात जेवढी इजा तेवढे दुखणे, आणि दुखते त्या अर्थी इजा आहेच, ही दोन्ही अनुमाने अंगभूत आहेत. त्यांना पहिला मोठा तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धात. इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाला असे आढळले की गंभीर जखमी झालेल्या आणि शुद्धीवर असलेल्या सैनिकांपैकी जेमतेम चतुर्थांश जणांनीच वेदनाशामक मागितले. १९४६ मध्ये त्याने ही निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांचा अर्थ असा लावला की रणभूमीवरून जिवंत सुटका झाल्याची जाणीव आणि इस्पितळातल्या शस्त्रक्रियेची धास्ती यांत जखमेचा ‘अर्थ’ बदलतो, आणि अर्थ बदलला की वेदना बदलते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी या बदलाची यंत्रणा सुचवली. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत जणू एक दार असते, खालून येणारे संदेश किती पुढे सोडायचे हे ते दार ठरवते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते दार उघडू अथवा लोटू शकतात, असा हा ‘द्वार-नियंत्रण सिद्धान्त’ होता. त्याचे तपशील पुढे बरेच बदलले, परंतु वेदनेचा प्रवाह दुतर्फा असतो ही त्यातील मूळ गोष्ट टिकली.

दीर्घकालीन वेदनेच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा शोध १९८३ चा आहे. क्लिफर्ड वूल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशी स्वतःच अधिक उत्तेजनक्षम होतात, म्हणजे पूर्वी ज्या संदेशाने त्या जाग्या होत नसत त्या संदेशानेही त्या पेटू लागतात. या अवस्थेला केंद्रीय संवेदनवृद्धी म्हणतात. एकदा घरात चोरी होऊन गेली की राखणीचा कुत्रा पाचोळ्याच्या सळसळीवरही भुंकू लागतो. त्याचे भुंकणे खोटे नसते, पण त्यावरून दर वेळी चोर आला असे ठरवणे चुकीचे असते. रुग्णाला जे शिकवायचे त्याचा गाभा हाच आहे की वेदना खरी आहे, मात्र ती इजेचे मोजमाप नाही. यातील दुसरा भाग सांगताना पहिला निसटला, तर ‘हे सगळे तुमच्या मनात आहे’ एवढेच रुग्णाला ऐकू येते आणि तो उठून जातो. या क्षेत्रातील बहुतेक अपयशांचे मूळ त्या एका निसटण्यात आहे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ ची आपली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा व्याख्येला जोडलेल्या टिपांत, एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होत असल्याचे सांगते तेव्हा तिच्या म्हणण्याचा मान राखला जावा, हे मुद्दाम नोंदवले आहे.

आता एमआरआयच्या अहवालाकडे वळले पाहिजे, कारण आजच्या रुग्णाचे पहिले पाठ्यपुस्तक तेच आहे. दोन मणक्यांच्या मध्ये जी लवचीक चकती असते, जिला लोक गादी म्हणतात, ती वयानुसार कोरडी होते, पसरते, थोडी बाहेर फुगते. हे सर्व अहवालात भयप्रद शब्दांत उतरते. परंतु १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांची तपासणी केली गेली तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, आणि कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांत चकतीच्या झिजेची चिन्हे विशीत ३७ टक्के, तर ऐंशीच्या घरात ९६ टक्के जणांत असतात असे दिसले. म्हणजे केस पांढरे होण्याइतकीच ही गोष्ट वयाला धरून आहे. फरक एवढाच की पांढऱ्या केसांचा छापील अहवाल कोणी हातात देत नाही. अहवालातील बदल आणि दुखणे यांचा संबंध कधीच नसतो असे मात्र यावरून म्हणता येत नाही. पायात कळ उतरते, पायाचा विशिष्ट भाग बधिर होतो, तपासणीत एखाद्या स्नायूचे बळ कमी भरते, आणि चित्रातील दोष त्याच मज्जातंतूच्या जागी असतो, तेव्हा तो संबंध खरा असतो आणि काही वेळा शस्त्रक्रियाही योग्य ठरते. रुग्णशिक्षणाने या दोन प्रकारांतला भेद शिकवला पाहिजे. सरसकट दिलासा देणे हेही सरसकट भीती घालण्याइतकेच बेजबाबदार आहे.

अहवालाने पेरलेली भीती वागण्यात उतरते. वाकल्यावर दुखते म्हणून माणूस वाकणे सोडतो, न वाकल्याने पाठ आखडते आणि स्नायू दुबळे होतात, मग थोडे वाकले तरी अधिक दुखते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॅडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही भीती मोजणारी प्रश्नावली तयार केली आणि असे दाखवले की कामावर न जाण्याचे स्पष्टीकरण वेदनेच्या तीव्रतेपेक्षा त्या भीतीतून अधिक चांगले मिळते. सक्तीची विश्रांती हा तोवर उपचाराचा कणा होता. हेलसिंकी येथे महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला दोन दिवस अंथरुणावर ठेवले, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला झेपेल तेवढे नेहमीचे काम चालू ठेवण्यास सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. तरीही महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत कंबरेचा पट्टा, वजन लावून झोपवणे आणि ‘पंधरा दिवस उठायचे नाही’ हा त्रिकूट उपचार अजून चालू आहे, आणि पट्टा बांधलेला माणूस रोज सकाळी तो आवळताना आपली पाठ स्वतःचा भार पेलू शकत नाही हाच धडा गिरवत असतो.

कंबरदुखीच्या रुग्णांना शिकवण्याचा पहिला संघटित प्रयत्नही, दुर्दैवाने, याच धड्याच्या बाजूचा होता. १९६९ मध्ये स्टॉकहोमजवळील डांडेरिड रुग्णालयात सुरू झालेल्या ‘पाठशाळे’त, ही पाठीची शाळा होती एवढ्याच अर्थाने हा शब्द घ्यावा, मणक्यांची रचना, निरनिराळ्या आसनांत चकतीवर पडणारा दाब आणि ओझे उचलण्याची निर्दोष रीत शिकवली जाई. शिक्षण उत्तम होते, फक्त त्याचा विषय चुकला होता. पाठ जपायची कशी हे त्यात शिकवले गेले. पाठ मुळात जपून ठेवण्याची वस्तू आहे का, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

तो प्रश्न दोन वेगळ्या दिशांनी आला. सिएटलमधील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात असा आग्रह धरला की औषध आणि विश्रांती वेदनेच्या तंत्राने न देता घड्याळाच्या तंत्राने द्यावी, आणि व्यायाम ‘दुखेपर्यंत’ न ठरवता आधी ठरलेल्या मापाने करावा. चांगला दिवस उजाडला की तुंबलेले सारे काम उरकायचे आणि मग दोन दिवस निजून राहायचे, हा दीर्घकालीन रुग्णांचा ठरलेला क्रम त्यामुळे तुटतो. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी त्याच दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी स्वव्यवस्थापनाचा सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला आणि तो शिकवायला डॉक्टरांऐवजी सामान्य माणसे नेमली, ज्यांतील अनेकांना स्वतःलाच संधिवात होता. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या पाठपुराव्यात या रुग्णांची वेदना सरासरी २० टक्क्यांनी आणि डॉक्टरांकडील फेऱ्या ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले, आणि याच काळात त्यांचे शारीरिक अपंगत्व मात्र ९ टक्क्यांनी वाढले होते. सांधे बिघडत गेले आणि वेदना उतरली, हे देकार्तच्या दोरीने समजावून सांगता येत नाही. त्याहून चकित करणारी बाब ही की शिकवलेले व्यायाम कोणी किती केले याचा सुधारणेशी संबंध क्षीण निघाला. संबंध दिसला तो ‘या दुखण्याबाबत आपण काही करू शकतो’ या विश्वासाशी, ज्याला मानसशास्त्रात स्वक्षमतेवरील विश्वास म्हणतात.

वेदनेचे चेताशास्त्र थेट रुग्णालाच शिकवावे, हा विचार ऑस्ट्रेलियातील डेव्हिड बटलर आणि लोरिमर मोझली यांच्या २००३ च्या ‘एक्सप्लेन पेन’ या सचित्र पुस्तकाने जगभर नेला. ऑस्ट्रेलियाने त्याआधीच एक मोठा सार्वजनिक प्रयोगही केला होता. व्हिक्टोरिया राज्यात १९९७ ते १९९९ या काळात दूरचित्रवाणीवरून, कंबर दुखली तरी हालचाल चालू ठेवा, असा प्रचार झाला. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये तो नव्हता. व्हिक्टोरियात लोकांच्या समजुती बदलल्या, कामावरील पाठदुखीच्या नुकसानभरपाईचे दावे घटले, आणि जे या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे ते हे की डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या. याची दुसरी बाजू २०१३ मध्ये त्याच देशातील आदिवासी रुग्णांच्या एका अभ्यासात पुढे आली. त्यांच्यातील अनेकांची पाठीविषयीची निराशाजनक श्रद्धा परंपरेतून आलेली नव्हती, ती दवाखान्यांतून आणि तपासणीच्या चित्रांतून आलेली होती.

शिक्षणाच्या मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. नुकतीच कंबर धरलेल्या २०२ रुग्णांवर सिडनीत झालेल्या एका चाचणीत तासाभराच्या दोन सखोल शिकवण्यांचा वेदनेवर नुसत्या सहानुभूतीने ऐकून घेण्यापेक्षा अधिक परिणाम झाला नाही. ज्ञान एकटे फारसे काही करत नाही. याउलट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४९२ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत फिजिओथेरपिस्टने रुग्णाची गोष्ट ऐकून, ज्या हालचालीची त्याला धास्ती होती तीच त्याच्याकडून हळूहळू करवून घेत समजावले, तेव्हा झालेला लाभ वर्षभर टिकला. यावरून एवढे म्हणता येते की जे सांगितले ते रुग्णाच्या स्वतःच्या पाठीने सिद्ध केले तरच तो धडा शिकला जातो. वाकले आणि काही मोडले नाही, हा अनुभव शंभर आकृत्यांहून प्रभावी असतो.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या सामुदायिक उपक्रमाखाली घरोघर पाहणी झाली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांना सांध्यांच्या, स्नायूंच्या किंवा पाठीच्या दुखण्याची तक्रार असल्याचे दिसले. या उपक्रमाच्या आराखड्यात मोजणीनंतरचा टप्पाच लोकशिक्षणाचा ठेवलेला आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. चिकुनगुन्याने १९७३ मध्ये बार्शी गाठली आणि बत्तीसएक वर्षांच्या खंडानंतर २००६ च्या सुमारास तो राज्यभर पसरला. ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने सांधे धरून बसलेली माणसे तेव्हा गावोगाव दिसली, आणि विषाणू गेला तरी वेदना का राहते याचे उत्तर त्यांना क्वचितच कोणी दिले. त्या रिकाम्या जागेत अनामिक पुड्या आणि ‘एका सुईत आराम’ यांचा धंदा वाढला.

मात्र परदेशी संशोधन जसेच्या तसे उचलण्यात एक मोठी अडचण आहे, आणि येथील वैद्यकीय लेखनात तिचा उल्लेख सहसा होत नाही. हेलसिंकीचा कर्मचारी किंवा व्हिक्टोरियाचा कामगार यांना पगारी रजा मिळते; त्यांचा धोका अति-विश्रांतीचा असतो, म्हणून ‘हालचाल चालू ठेवा’ हा सल्ला त्यांना मोकळे करतो. मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला विश्रांतीची चैन नसते. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात, पहाटे फडात वाकलेली कंबर मोळी डोक्यावर चढवूनच सरळ होते, आणि त्या बाईला दवाखान्यात ‘चालते-फिरते राहा’ असे सांगणे हा क्रूर विनोद ठरतो. तिच्या बाबतीत भार हे दुखण्याचे खरेखुरे कारण आहे. पाठ नाजूक नसते हे तिला कोणी सांगण्याची गरज नाही. ते ती रोज सिद्ध करते. तिला उपयोगी पडेल असे शिक्षण कामाचे तुकडे पाडण्याविषयी, मोळीच्या वजनाविषयी, गोळ्या रिकाम्या पोटी रोज खाल्ल्याने मूत्रपिंडाला आणि जठराला पोहोचणाऱ्या इजेविषयी असेल, आणि त्याचा अर्धा भाग तिच्याऐवजी मुकादमाला आणि कारखान्याला शिकवावा लागेल. श्रमाच्या अटी न बदलता रुग्णाच्या समजुती तेवढ्या बदलू पाहणारे वेदनाशिक्षण म्हणजे दोष रुग्णाच्या माथी मारण्याचा सुसंस्कृत मार्ग आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कुटुंबाचाही यात वाटा असतो. ‘तू बस, मी करते’ असे म्हणणारी माया आणि ‘रोजचेच रडगाणे’ म्हणणारा वैताग या दोन्हींतून रुग्ण एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे आपली गणना आता कामाच्या माणसांत नाही. म्हणून शिकवण्याच्या बैठकीला रुग्णासोबत घरातील एक माणूस असावा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांच्या प्राथमिक दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम आणि मानसशास्त्रीय उपचार यांना स्थान आहे, तर कंबरेचे पट्टे, वजन लावणे आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नेहमीच्या उपचारात वापर करू नये असे म्हटले आहे. यांतील शिक्षणाला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. आणि बाह्यरुग्ण विभागात रुग्णाच्या वाट्याला मिनिटे मोजकीच येतात. डॉक्टरांना हा वेळ काढणे शक्य नसेल तर फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा स्वतः या दुखण्यातून गेलेला रुग्ण हे काम करू शकतात, असे लोरिग यांच्या प्रयोगावरून मानता येते.

हे पुस्तक हाती घेणाऱ्या रुग्णाने एक गोष्ट आधी पाहावी. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील बाजूस व बैठकीच्या जागी बधिरता येणे, पायातील बळ दिवसेंदिवस कमी होणे, ही चिन्हे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखण्यासोबत ताप येणे, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी व विश्रांतीने न उतरणारी वेदना असणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा पडून मार लागलेला असणे, अशा स्थितीतही तपासणी आधी आणि वाचन नंतर करावे, कारण मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून दुर्मीळ झालेला नाही आणि तो समजुतीने बरा होत नाही, औषधाने होतो. यांपैकी काहीही नसेल, तर पुढील प्रकरणे क्रमाने वाचावीत, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेली हालचाल करून झाल्याशिवाय पुढचे पान उलटू नये.